श्वास सोडा... आणि धरा

आमच्या सोसायटीत कमरेचा एमआरआय न झालेला माणूस शोधायचा तर बालवाडीतच जावं लागेल. घरटी एक तरी ती मोठी पांढरी पिशवी कपाटावर नाहीतर दारामागच्या खुंटीला असतेच, आणि चहा झाला की पाहुण्यांना खिडकीच्या उजेडात एल-फोर, एल-फाइव्ह दाखवण्याची रीत आहे. पाहुणेही जाणकार असतात. आपलीही पिशवी आणायला हवी होती, असं हळहळून म्हणतात.

कमरेचा फोटो काढणं तसं सोपं. ती हलत नाही हीच तर मूळ तक्रार. गुडघ्याला पडून राहा म्हटलं की तो पडून राहतो. मेंदूसुद्धा कवटीत निमूट असतो, आतले उद्योग काहीही चालू असोत. हृदयाचं तसं नाही. ते दिवसाला लाखभर वेळा आकसतं आणि सैलावतं, आणि त्याला ‘दोन मिनिटं थांब रे बाबा’ म्हणायची सोय नाही. थांबलंच तर फोटोची गरज उरत नाही. त्यातून हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्याच बघायच्या असल्या, तर पंचाईत दुप्पट. त्या जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंद. हृदयाच्या पाठीपोटावरून वळणं घेत जातात, प्रत्येक ठोक्याला त्याच्याबरोबर हिंदकळतात, आणि उजवी तर डावीपेक्षा अंमळ जास्तच. शिवाय हृदय ज्या श्वासपटलावर टेकलेलं असतं ते श्वासागणिक खालीवर होतं, म्हणजे अख्खं बिऱ्हाडच खालीवर.

तरीही हा फोटो निघतो. माझाच निघालाय, म्हणून सांगते.

झालं असं की छातीत अधूनमधून भरल्यासारखं व्हायचं. ट्रेडमिलवर चालवून बघितलं, तर रिपोर्ट धड हो नाही आणि धड नाही नाही. पुढची पायरी सीटी अँजिओची. पण मला पूर्वी एकदा डाय टोचला होता तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या, तोंड सुजलं होतं, आणि आमच्या ह्यांनी तो प्रसंग डॉक्टरांना इतक्या रंगवून सांगितला की त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाले, “डाय न देता एमआरआयवरही कोरोनरी बघता येतात. निदान मुळाकडचा भाग तरी चांगला दिसतो. सगळीकडे करत नाहीत, मी सांगतो तिथे जा.”

“हृदयाचासुद्धा एमआरआय असतो?” ह्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती, नाही असं नाही. पण सोसायटीत आजवर कोणाचाच झालेला नाही, हा हिशेबही त्यात ऐकू आला.

तिथला टेक्निशियन मुलगा फार नम्र. “काकू, अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवा.” बाईमाणसाला हे वाक्य बोलणं सोपं असतं, पाळणं नाही. बांगड्या निघाल्या. कानातलं निघालं. मंगळसूत्र काढलं, तर त्याला अडकवलेल्या तीन सेफ्टी पिना निघाल्या; त्यांतली एक बहुधा माझ्या लग्नापासूनची असावी. केसांतल्या पिना निघता निघेनात. ब्लाउजचे हुक धातूचे, साडीच्या काठाला जर, म्हणून तेही गेलं आणि गाऊन आला. शेवटी राहिली जोडवी. “चांदी कुठे चिकटते रे चुंबकाला?” मी म्हटलं. “चिकटत नाही काकू, पण तापू शकते.” मग बेसिनपाशी पाय वर करून साबण लावून, एका नर्सच्या खांद्याचा आधार घेऊन, जोडव्यांचं विसर्जन झालं. हे सगळं ह्यांनी आपल्या हातरुमालात बांधलं आणि ती पुरचुंडी मुठीत धरून बाहेर अशा चेहऱ्यानं बसले की येणारेजाणारे त्यांची विचारपूस करायला लागले.

त्या मुलाच्या काटेकोरपणाची मात्र मी चेष्टा करणार नाही. तो चुंबक कधीच बंद नसतो, रात्री दिवे मालवून सगळे घरी गेले तरी नाही. नायोबियम-टायटेनियमच्या तारांची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवून ठेवलेली असते, आणि तितक्या थंडीत विजेला अडथळाच उरत नसल्यामुळे एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. मुंबईत २०१८ साली एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर नेला गेला आणि एका तरुणाचा त्यात जीव गेला. तेव्हा हुक तर हुक. काढावेत.

आत आडवी झाल्यावर छातीवर एक जडशी कॉइल बांधली, हृदयाच्या आलेखासाठी चार ठिकाणी चिकटपट्ट्या लावल्या, कानात बोळे घातले, वर हेडफोन, आणि हातात एक रबरी फुगा. “घाबरल्यासारखं झालं तर दाबा.” त्या फुग्याचा मोह फार वाईट. दाबायचा नाही असं ठरवलेल्या माणसाचा अर्धा जीव त्याच्यातच अडकतो.

चुंबक दीड टेस्लाचा. पृथ्वीचं चुंबकत्व, ज्याच्या जोरावर होकायंत्राची सुई उत्तर धरते, त्याच्या तीसेक हजार पट. एवढ्या ताकदीपुढे माणसाच्या अंगातलं पाणी काय करतं, तर पाण्यातल्या हायड्रोजनचे अणुगर्भ, म्हणजे प्रोटॉन, काहीसे एका दिशेला कलतात. सगळे नाहीत हं. दहा लाखांत जेमतेम काही जास्तीचे, पण अंगात पाणीच इतकं की तेवढे पुरतात. मग त्यांना ६४ मेगाहर्ट्झची रेडिओलहर देऊन हलकेच ढकलायचं, आणि ते पुन्हा जागेवर येताना जी कुजबुज करतात ती कॉइलनं ऐकायची. आपल्या एफएमच्या पट्ट्याच्या जरासं खाली हे स्टेशन लागतं. इतकी वर्षं आपण अंगात एक प्रसारण केंद्र घेऊन हिंडतोय आणि ऐकणारं कोणी नव्हतं, याची मला आत पडल्या पडल्या उगाच गंमत वाटली.

ही कुजबुज पहिल्यांदा ऐकली ती १९४६ च्या सुमाराला अमेरिकेत, फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी, एकमेकांपासून दूर बसून. त्यात पुढे एका भारतीयाचा हात लागला, आणि तो किस्सा मला भारी आवडतो. १९५१ साली स्टॅनफर्डला जेम्स आर्नोल्ड, श्रीनिवास धर्माट्टी आणि मार्टिन पॅकार्ड या तिघांनी दाखवून दिलं की एकाच रेणूतले वेगवेगळ्या जागी बसलेले हायड्रोजन वेगवेगळ्या सुरात बोलतात. तीन जागा, तीन स्वतंत्र शिखरं. कोणाच्या रेणूत? अल्कोहोलच्या. जो पदार्थ माणसाला असंबद्ध बोलायला लावतो, तोच स्वतः इतकं सुसंबद्ध बोलला. धर्माट्टी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी या विद्येचं बस्तान बसवलं.

पण कुजबुज ऐकणं वेगळं आणि ती कुठून येते हे कळून तिचं चित्र काढणं वेगळं. ते सुचलं पॉल लॉटरबर यांना, १९७१ साली, हॅम्बर्गर खाता खाता. चुंबकाची ताकद एका टोकाला थोडी जास्त, दुसऱ्या टोकाला थोडी कमी ठेवली, तर प्रत्येक जागचा हायड्रोजन जरा निराळ्या सुरात बोलेल आणि सुरावरून पत्ता लागेल. विसरायला नको म्हणून त्यांनी लगेच दुकानातून वही आणून लिहून ठेवलं. त्यावरचा लेख ‘नेचर’नं आधी परत पाठवला आणि मग १९७३ साली छापला. चित्र होतं पाण्याच्या दोन बारक्या नळ्यांचं. त्यानंतर त्यांनी ज्या जिवंत प्राण्याचं चित्र काढलं तो त्यांच्या लेकीनं समुद्रकाठी वेचलेला एक इवलासा शिंपला. कोकणातल्या माणसाच्या हाती तिसऱ्या लागल्या असत्या तर विज्ञान तिथेच थांबून खोबऱ्याचं वाटण सुरू झालं असतं.

माणूस आत घातला रेमंड डमाडियन यांनी, १९७७ च्या जुलैत. यंत्राचं नाव ‘इंडॉमिटेबल’. आधी ते स्वतःच आत बसले, पण काही उमटेना. डॉक्टरसाहेबांचा घेर कॉइलला झेपत नाही असं निघालं. मग लॅरी मिन्कॉफ नावाच्या सडपातळ विद्यार्थ्याला बसवलं. त्यानं जवळजवळ पाच तास न हलता काढले आणि चित्र आलं ते छातीचंच. हृदय म्हणजे त्यात एक ढोबळ ठिपक्यांचा पुंजका. पुढे २००३ चं नोबेल लॉटरबर आणि ब्रिटनचे पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं आणि डमाडियन राहिले, तर त्यांनी मोठमोठ्या वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती देऊन आपली तक्रार मांडली. नोबेल समितीवर त्याचा परिणाम झाला नाही. पाच तास गप्प बसलेल्या मिन्कॉफची आठवण मात्र कोणी जाहिरातीत करायला हवी होती, असं मला आपलं आडवं पडून वाटलं.

तर, हलणाऱ्या हृदयाचं काय करतात? वाट बघतात. मला या सगळ्या विद्येत हेच सर्वांत लोभस वाटतं. एवढं कोट्यवधींचं यंत्र, आणि त्याची मुख्य कला काय, तर दबा धरून बसणं.

दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं, त्या काळाला डायस्टोल म्हणतात. त्या सैलपणाच्याही मधोमध एक क्षण असा येतो की सगळं जवळजवळ निवांत असतं. सेकंदाचा दहावा हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त. यंत्र हृदयाच्या आलेखावर डोळा ठेवून असतं. उंच टोक आलं की मोजायला लागतं, आणि तो निवांत क्षण आला की तेवढ्यात चित्राचा एक तुकडा टिपून घेतं. पुढच्या ठोक्याला दुसरा तुकडा. असे शेकडो ठोके जोडून एक चित्र. त्यात गंमत अशी की चुंबकात पडलेल्या माणसाचं रक्त वाहतं तेव्हा त्या वाहण्यानंच थोडी वीज तयार होते आणि आलेखातली नंतरची, मुळात बुटकी लाट फुगून उंच टोकाची नक्कल करायला लागते. यंत्र फसतं. मग टेक्निशियन चिकटपट्ट्यांच्या जागा बदलत बसतो. माझ्या त्यानं दोनदा बदलल्या आणि दर वेळी “सॉरी काकू” म्हणाला, जणू रक्त त्याच्या सांगण्यावरून वाहत होतं.

श्वासाचं त्याहून अवघड. सुरुवातीला हेडफोनमधून आज्ञा येत होत्या: “श्वास घ्या... सोडा... आणि धरा.” श्वास घेऊन धरायची आपल्याला लहानपणापासूनची सवय, विहिरीत उडी मारताना आपण तसाच धरतो. इथे सोडून धरायचा, कारण सोडल्यावर पटल दर वेळी साधारण त्याच जागी येऊन ठरतं. सोडलेला श्वास धरून ठेवणं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही. आणि लांबलचक चित्रासाठी, जे दहा-पंधरा मिनिटं चालतं, तेवढंही नाही. तेव्हा म्हणतात, “आता साधा श्वास घेत राहा.”

साधा! त्या क्षणापासून साधा श्वास कसा असतो हेच मी विसरले. कधी फार खोल, कधी उगाच चोरटा, मध्येच उसासा. तिकडे यंत्र उजव्या बाजूच्या पटलाच्या घुमटावर एक बारीक नजर लावून बसलेलं. घुमट ठरलेल्या पाचेक मिलिमीटरच्या पट्टीत असला तर त्या ठोक्याचा तुकडा घ्यायचा, नसला तर टाकून द्यायचा. निम्म्याहून अधिक ठोके असे वाया जातात म्हणे. सगळ्यांचेच जातात, असं तो मुलगा नंतर म्हणाला. माझं मन राखायला म्हणाला असेल. बरं, कंटाळून डोळा लागावा तर कानात पुन्हा आवाज: “काकू, झोपू नका. झोपलात की श्वास बदलतो, पटल सरकतं.” म्हणजे विश्रांती हवी, झोप नको. आवाज तर असा की झोपेल कोण: टकटकटकटक, मग घर्रर्र, मग कोणीतरी डोक्याशी पत्रा बडवतंय. चुंबकाच्या आतल्या गुंडाळ्यांत प्रवाह चालूबंद होतो तेव्हा त्या थरथरतात, त्याचा हा गोंगाट. बोळे घालूनही हाडांत उतरतो.

त्या गोंगाटात मला एक गोष्ट राहून राहून आठवत होती. हृदयातून महारोहिणी निघते, तिच्या दाराच्या लगेच वर पहिले दोन फाटे फुटतात ते कोरोनरींचे. मेंदू, मूत्रपिंडं, हातपाय सगळे नंतर. म्हणजे पंगतीत पहिलं पान वाढप्यानं स्वतःचंच मांडून ठेवलंय. पण तो जेवतो केव्हा? हृदय आकसतं तेव्हा त्याचे स्नायू त्यांच्यातूनच जाणाऱ्या वाहिन्या आवळून धरतात, त्यामुळे विशेषतः डाव्या बाजूला रक्त पोचतं ते मुख्यतः डायस्टोलमध्ये. सगळ्यांना वाढून झालं, हात जरा सैल पडला, की त्या फटीत आपल्या पानावरचे दोन घास. मिनिटाला पाचेक लिटर वाढायचे आणि स्वतः घ्यायचं त्यातलं जेमतेम पाव लिटर. माझ्या आजोळी अशा दोन बायका होत्या. त्यांच्या जेवणाचे फोटो कोणी काढले नाहीत. इथे मात्र यंत्र नेमकं त्याच फटीची वाट बघत बसलेलं.

पूर्वी या वाहिन्या बघायच्या म्हणजे आत शिरावं लागायचं, आणि शिरणारी माणसंही तशीच. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डच्या इस्पितळात वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरला वाटलं, दंडाच्या शिरेतून नळी सरळ हृदयापर्यंत नेता येईल. वरिष्ठ नाही म्हणाले. त्यानं नर्सबाईंना पटवलं, कारण औजारांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, प्रयोग माझ्यावर करा. त्यानं होकार दिला, त्यांना टेबलावर बांधलं, आणि नळी स्वतःच्या दंडात सरकवली. मग नळीसकट चालत एक्स-रेच्या खोलीत. नोबेल मिळालं १९५६ ला. नर्सबाईंची माफी त्यानं कधी मागितली का, ते मात्र मला बघायचंय. पुढे १९५८ च्या ऑक्टोबरात क्लीव्हलंडला मेसन सोन्स एका रुग्णाच्या महारोहिणीत डाय सोडत होते, आणि नळीचं टोक चुकून उजव्या कोरोनरीत गेलं. तीसेक मिलिलिटर डाय थेट आत. त्या काळी समजूत अशी की हा माणूस गेलाच. हृदय काही सेकंद थांबलंही. सोन्सनी ओरडून त्याला खोकायला सांगितलं, तो खोकला, आणि हृदय पुन्हा चालू लागलं. त्या अपघातातून कोरोनरी अँजिओग्राफी जन्मली. आज आपले शेजारी सकाळी जाऊन अँजिओ करून संध्याकाळी घरी येतात आणि खिचडी कमी तिखट झाली म्हणून कुरकुरतात, त्यामागे तो खोकला आहे.

त्या शौर्यापुढे एमआरआय फार सोज्वळ. टोचत नाही, क्ष-किरण नाहीत, पुष्कळदा डायही नाही. पण म्हणून तो जिंकलाय असं नाही, हेही सांगायला हवं. २००१ साली सात ठिकाणच्या १०९ रुग्णांवरचा एक अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला, त्यात डाव्या मुख्य वाहिनीचा किंवा तिन्ही वाहिन्यांचा आजार असलेला एकही माणूस एमआरआयच्या नजरेतून सुटला नाही. सगळ्यांना वाटलं, आता अँजिओचे दिवस भरले. भरले नाहीत. कारण सीटी तेच काम काही सेकंदांत करतं आणि बारकावे जास्त दाखवतं. एमआरआयला पंधरा मिनिटांची आराधना लागते. धातूची स्टेंट असली तर त्या जागी चित्रात काळं भोक पडतं. सीटीला चुन्याचे थर चकवतात, एमआरआयला ते आड येत नाहीत, हा त्याचा गुण. आणि कावासाकीच्या आजारात ज्या लहान मुलांच्या कोरोनरींना फुगे येतात, ज्यांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासायचं असतं, त्यांच्या अंगावर दर वेळी किरण कशाला सोडायचे? तिथे हाच बरा. किंवा एखाद्या तरण्या खेळाडूची वाहिनी मुळात भलत्याच जागेवरून निघालीय का, हे बघायला. किंवा, गांधी उठणाऱ्या एखाद्या काकूंसाठी.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पडद्यावर करड्या पार्श्वभूमीवरची एक पांढरी वेलांटी दाखवली. “ही तुमची उजवी. ही डावी, इथे दोन फाटे. मुळाकडचे भाग स्वच्छ आहेत, अडथळा नाही. मागच्या फाट्याचं टोक हललंय, तेवढं सोडून द्या.”

“हलली असेल ही,” हे म्हणाले.

“त्या नाही हलल्या. ते टोक बहुतेकांचं हलतं.”

मग हे जरा पुढे सरकून बसले आणि हिला पूर्ण आराम सांगा, असं डॉक्टरांना सांगू लागले. डॉक्टर म्हणाले, आराम नको, रोज चालू दे; चालण्याची सवय लागली की बसल्या वेळचे ठोके कमी होतात, ठोके कमी झाले की डायस्टोल लांबतो, आणि हृदयाचं पोट त्यातच भरतं. “आणि तुम्हीही जा बरोबर.”

तेव्हापासून आम्ही सकाळी दोघं निघतो. मी टेकडीपर्यंत जाऊन येते. हे कोपऱ्यावरच्या अमृततुल्यपाशी थांबतात, पेपर उघडतात आणि परत येताना मी दिसले की घड्याळ बघून कपाळावरचा नसलेला घाम पुसतात. एकदा मी विचारलंच, हे काय चालणं म्हणायचं? तर म्हणाले, “कामं वाटून घेतलीत. ठोक्यांचं तू बघ. डायस्टोल मी सांभाळतोय.”